नेहमीसारखा उजवीकडे

व्याह्यांनी गोल्फ शिकवायचा चंग बांधला, तेव्हाच घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली होती.

लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोघा व्याह्यांचं बोलणं म्हणजे 'कसं काय', 'ठीक', 'या एकदा' आणि 'आता तुम्हीच या'. कोणी कोणाकडे गेलं नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही. आणि गेल्या महिन्यात हे गृहस्थ तीन मजले चढून दारात उभे.

"बुधवारी सकाळी काय करता?"

"काही नाही," घड्याळजी बोलून गेले आणि तिथेच अडकले.

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून घड्याळजींना खरोखरच फारसं काही काम नव्हतं. एक सोडून. दुपारी तीन वाजता गाडी काढायची आणि नातीला शाळेतून घरी सोडायचं. वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत नऊ वर्षांची ती पोर जे बोलायची ते आईला सांगत नसे, बापाला तर नाहीच. घड्याळजींचा दिवस त्या वीस मिनिटांसाठी उजाडत असे आणि ती संपली की मावळत असे.

आणि व्याही कोण? गाडीच्या परवान्याची परीक्षा घेणारे निवृत्त साहेब. तेहतीस वर्षं शेजारच्या सीटवर मांडीवर कागद घेऊन बसले आणि लोकांना नापास केलं. त्यांना पाहून अजूनही काही माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात.

असा माणूस उगाच गोल्फ शिकवायला येतो होय?

संशयाला कारण होतं, आणि ते घड्याळजींच्याच पोटात होतं. दीड महिन्यापूर्वी शाळेजवळच्या वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरून चालली होती. घड्याळजींना ती दिसलीच नाही. मागून नात किंचाळली, "आबा!" ब्रेक लागला. बाईनं बॉनेटवर थाडकन हात मारला, काय बोलायचं ते बोलली आणि गेली.

"आईला कशाला सांगायचं उगाच?" ते म्हणाले होते. नातीनं मान हलवली होती. पण नऊ वर्षांच्या पोटात एवढं किती दिवस राहणार?

तशी नजर वाईट होती कुठे! घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांना अजून चष्म्याशिवाय दिसत होती. लांबचं जरा धुरकट दिसे. पण हल्ली हवाच कुठे स्वच्छ असते, असं ते स्वतःला सांगत. डॉक्टरकडे मात्र जात नव्हते.

पहिल्याच बुधवारी संशय पक्का झाला. व्याह्यांनी छोटी खुंटी गवतात रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि सगळ्यात लांब काठी घड्याळजींच्या हातात दिली. घड्याळजींनी जीव खाऊन फिरवली. चेंडू उडाला.

"कुठे गेला, पाहिलंत?" व्याह्यांनी विचारलं.

चेंडू काठीपासून सुटला एवढंच घड्याळजींनी पाहिलं होतं. पुढे सगळं पांढरट आकाश.

"तुम्ही सांगा," ते सावधपणे म्हणाले.

"उजवीकडे वळला. ती लाल छपराची शेड आहे ना, तिच्या अलीकडे पडला. याला स्लाइस म्हणतात. शिकाऊ माणसाचा चेंडू नव्वद टक्के वेळा तिकडेच जातो. आपण काढून टाकू."

लाल छप्पर मात्र घड्याळजींना दिसत होतं. त्यांनी ही माहिती मनात जपून ठेवली. दुसरा चेंडू मारला आणि प्रश्न यायच्या आतच म्हणाले, "उजवीकडे. शेडच्या अलीकडे."

"बरोबर."

चार बुधवार हेच चाललं. व्याही विचारायचे, घड्याळजी शेडकडे बोट दाखवायचे, आणि दर वेळी पास व्हायचे. आता तो स्लाइस घड्याळजींना इतका उपयोगाचा वाटू लागला की तो बरा होऊच नये असं त्यांना वाटे. चेंडू सरळ जायला लागला तर तो कुठे गेला हे कसं कळणार?

व्याह्यांची मात्र पाठ सोडायची तयारी नव्हती.

"डावा हात असा जरा वर वळवा. वरून पाहिलं की बोटांची तीन पेरं दिसली पाहिजेत. तुमचं एकच दिसतंय."

घड्याळजी वळवत, आणि काठी उचलताना हळूच परत फिरवत.

"अहो, आणि डावीकडे तोंड करून काय उभे राहता?"

"चेंडू उजवीकडे जातो ना, म्हणून."

"तिथेच तर गोम आहे! जितकं डावीकडे तोंड कराल तितकी काठी चेंडूवरून आडवी घासत येणार, आणि तितका तो जास्त उजवीकडे वळणार. भीतीनं उभे राहता तुम्ही." व्याह्यांनी कमरेवर हात ठेवले. "मला तर वाटतं, तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये."

हा माणूस बोलतो त्यात किती गोल्फ आणि किती दुसरं काही, हेच घड्याळजींना कळत नव्हतं. शिवाय आदल्याच संध्याकाळी ते लेकीकडे गेले, तेव्हा ती फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती आणि घड्याळजी खोलीत येताच "बरं, ठेवते" म्हणाली होती.

पाचव्या बुधवारी व्याह्यांनी खिशात हात घातला आणि चष्म्याची डबी काढली. ती चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, चार बोटांवर, गवतात ठेवली.

"हे काय?" घड्याळजींचा आवाज चिरकला. ठेवायला दुसरं काही मिळालं नाही? नेमकी चष्म्याचीच डबी?

"काठी बाहेरून आत आली तर डबीला लागेल. आतून बाहेर गेली तर नुसता चेंडू लागेल. आणि आत चष्मा आहे बरं का, नवा आहे."

"फुटला म्हणजे?"

"म्हणून तर सांभाळून मारा."

इथे घड्याळजी फसले. आयुष्यभर लोकांच्या नाजूक वस्तू सांभाळण्यात गेलेले हात ते. दुसऱ्याची काच फोडायची म्हटलं तरी ऐकणारे नव्हते. त्यांनी पकड परत फिरवायची ठरवली होती, डावीकडे तोंड करायचंही ठरवलं होतं. पण काठी खाली येताना हातांनी डोक्याचं काही ऐकलं नाही. ते डबीला चुकवून आतल्या बाजूनं आले आणि चेंडूमधून सरळ पुढे गेले.

आवाजच वेगळा आला. हातांना तर काही लागल्यासारखंही वाटलं नाही.

"वा!" व्याही ओरडले. "वा, व्याहीबुवा! कुठे गेला, पाहिलंत?"

घड्याळजींनी बोट उचललं. "उजवीकडे. नेहमीसारखा. शेडच्या अलीकडे."

व्याही खो खो हसले. "चेष्टा पुरे."

घड्याळजीही हसले, पण जरा उशिरा. व्याह्यांचं हसू थांबलं.

"पुन्हा दाखवा बरं."

"हेच की. ते... तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे? बोट दाखवा."

बोट शेडवरून निघालं, थोडं डावीकडे सरकलं आणि हवेत थांबलं.

व्याह्यांनी डबी उचलली आणि चालू लागले. घड्याळजी मागोमाग. मैदानाच्या मधोमध, कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, चेंडू पडला होता. घड्याळजींना तो दहा पावलांवर आल्यावर दिसला.

"कधीपासून?" व्याह्यांनी विचारलं.

"कशाला नाटक करता?" घड्याळजींचा बांध फुटला. "ठाऊकच आहे तुम्हाला. त्यासाठीच आणलंत ना मला? लेकीनं सांगितलं, नाहीतर नातीनं."

"काय सांगितलं?"

"चष्म्याची डबी का ठेवलीत मग?"

"खिशात तीच होती!"

"आणि दर वेळी कुठे गेला, कुठे गेला?"

"अहो, गोल्फमध्ये दुसरं काय विचारणार? सापडायला नको का चेंडू? माझा जोडीदार गुडघा धरून घरी बसलाय आणि इथे सकाळी दहा वाजायच्या आत एकट्याला खेळू देत नाहीत. म्हणून तुमच्याकडे आलो." ते थांबले. "नातीनं काय सांगितलं असतं?"

या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. विषय बदलावा, हसण्यावारी न्यावा, सगळं तसंच राहील. घड्याळजींना हे स्पष्ट दिसत होतं. पण ती बाई, ती बाबागाडी आणि 'आईला कशाला सांगायचं' म्हटल्यावर हललेली ती छोटी मान, हे सगळं महिनाभर मनात साठलं होतं. त्यांनी सांगून टाकलं.

मागून खेळत येणाऱ्या टोळक्यातून कुणीतरी "अहो, सरका पुढे!" म्हणून हाक मारली. व्याह्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"लेकीला फोन करा. आत्ता. माझ्यासमोर."

"आणि नाही केला तर?"

"तर मी करीन. ती माझीही नात आहे."

घड्याळजींनी फोन लावला. "बाबा? या वेळी? काय झालं?" लेक म्हणाली. त्यांनी आधी बाबागाडीचं सांगितलं आणि मग डोळ्यांचं, कारण उलट्या क्रमानं सांगितलं असतं तर तिथपर्यंत पोचलेच नसते.

"तरीच ती महिनाभर तुमच्या गाडीत पुढे बसायचा हट्ट धरतेय," लेक म्हणाली. "मी सासूबाईंनाही फोन करून विचारलं मागच्या आठवड्यात, हिला झालंय तरी काय. रस्ता बघायला बसायचं होतं तिला, बाबा. तुमच्यासाठी."

घड्याळजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज गाडी काढू नका."

"नाही काढत."

"आणि डोळे दाखवायचे. उद्याच. मी येते बरोबर." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "पण आज तीनला कोण जाणार?"

व्याह्यांनी हात पुढे करून फोन घेतला. "मी जातो गं. रोज जाईन. हे मागे बसतील तिच्याजवळ." आणि फोन परत दिला.

"रोज?" घड्याळजींनी संशयानं विचारलं.

"तुमचे डोळे नीट होईपर्यंत."

"आणि तिला तुमचीच सवय लागली तर?"

"लागू दे की थोडी."

घड्याळजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, चेंडूकडे पाहिलं, मग गवताकडे.

"फाटकापाशी काही विचारू नका तिला," ते शेवटी म्हणाले. "दिवस कसा गेला वगैरे तर मुळीच नाही. दप्तर घ्यायचं आणि चालायचं. पहिली दोन वळणं ती गप्पच असते. मग खिडकीची काच खाली करते. काच खाली झाली की समजायचं, आता बोलणार. तेव्हा गाडी हळू घ्यायची, नाहीतर घर लवकर येतं."

"हळू घेतो," व्याही म्हणाले.

एवढं सांगून झाल्यावर, आपण जरा जास्तच तर सांगून बसलो नाही ना, असं घड्याळजींना वाटायला लागलं.