वर आल्यावर घाला

उदगीरला माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि मला पोहता येत नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, पोहायचं कशात? तरीही मार्चमधल्या एका सकाळी मी मालवणच्या समुद्रात, होडीत, अंगाला चिकटलेला काळा रबरी सूट घालून बसलो होतो.

हा सगळा उद्योग माझ्या लेकीचा, अक्षराचा. ती पुण्यात नोकरी करते. आमच्या लग्नाला तीस वर्षं होणार म्हणून तिनं आम्हा दोघांसाठी हे ठरवलं होतं. शिवगंगाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोबाइलवर समुद्रातले मासे बघायचा भारी नाद. ती आठ महिन्यांपूर्वी गेली. अक्षरा म्हणाली, "अप्पा, आईच्या जागी मी येते." मी हो म्हणालो. आठ महिने मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. मी रडलो नाही म्हणून लोक म्हणायचे, संगमेशअण्णा मनाचा घट्ट. घट्ट कसला, मला काही वाटतच नव्हतं.

मालवणला हो म्हणण्यात मात्र माझा डाव होता.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं आणि ते अंगावेगळं करत नाहीत. माणूस गेलं की त्याला बसवून माती देतात आणि डाव्या तळहातावर त्याचंच लिंग ठेवतात. पुण्याला गेल्यापासून अक्षराचं घालणं सुटलं, पण शिवगंगानं एक दिवस चुकवला नव्हता. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशनला नेताना नर्सनं तिला गळ्यातलं काढायला सांगितलं. ती काढेना. मग मीच काढून घेतलं. म्हणालो, "बाहेर आल्यावर घाल." आणि ते माझ्या गळ्यात, माझ्याच्या शेजारी अडकवलं. ती बाहेर आली, पण घालायला उरली नाही. मातीच्या वेळी स्वामींनी तिचं लिंग मागितलं. दोन्ही डब्या लग्नातल्या, एकाच सोनाराच्या. मी गळ्यातली एक काढून दिली. तिसऱ्या दिवशी पूजेला बसून उरलेली डबी उघडली, तर लिंगाच्या कडेला टवका. टवका तिच्या लिंगाला होता.

मी कुणाला काही बोललो नाही. रोज ते बाहेर काढायचं आणि रोज तो टवका बघायचा. मालवणचं निघालं तेव्हा सुचलं की तिथं सोडून द्यावं. निसटलं म्हणून सांगायचं आणि स्वामींकडून नवं घ्यायचं. जन्म दुकानात गेलाय, एवढं खोटं मला जमलं असतं.

होडीत तांडेल नावाचा पन्नाशीचा पाणबुड्या होता. तो आधी अक्षराला खाली फिरवून आला. मग मला शिकवलं. श्वास नाकानं घ्यायचा नाही, तोंडातल्या नळीनं घ्यायचा. बोटांचं गोल केलं म्हणजे ठीक, अंगठा दाखवला म्हणजे वर चला. मग त्याचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं.

"काका, गळ्यातलं काढून ठेवा. वर आल्यावर घाला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. असंच मी म्हणालो होतो, असंच, अगदी सहज.

"अप्पा, माझ्याकडं द्या, मी सांभाळते," अक्षरा म्हणाली.

"न्हाई. हातात धरतो."

"मूठ सोडू नका मग," तांडेल म्हणाला. मी आलो होतो ती सोडायलाच. दोरा मनगटाला गुंडाळला, डबी मुठीत धरली.

खाली वीस फूटही पाणी नसेल. तांडेल मागून धरून होता. स्वतःच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. समोर तपकिरी प्रवाळ, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, आणि त्यांच्यामधून पट्ट्यापट्ट्यांचे मासे. शिवगंगा असती तर एकेका माशाला आमच्या एकेका पाहुण्याचं नाव देऊन मोकळी झाली असती. मला काही वाटलं नाही. मी मासे बघितले, जसं दुकानासमोरचं येणंजाणं बघतो.

मग डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. घरी आम्ही रोज असेच शेजारीशेजारी बसायचो, तळहातावर लिंग, त्यावर दोन पळ्या पाणी. नळ लांबला की ती म्हणायची, एकच घाला, देवाला कळतंय. इथं अख्खा समुद्र त्याच्यावर होता. एक पिवळा मासा आला, टवक्याला तोंड लावून गेला. आता हात नुसता पालथा करायचा होता.

तो होईना. तीस वर्षं लिंग हातावर असताना तो हात हलला नव्हता. आता हलवायचा कसा, तेच मला कळेना. मी लिंग डबीत घातलं, मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं अंगठा दाखवला.

होडीत चढलो. काचेचा मास्क काढायच्याही आधी मी म्हणालो, "अक्षरा, हे तुझ्या आईचं हाय. मातीच्या वेळी मी चुकून माझं दिलो तिच्या हातात. आज हे इथं टाकून देणार व्हतो."

माझी मूठ उघडून तिनं डबी घेतली आणि बाजूला काढून ठेवलेल्या ओढणीनं पुसत बसली. लई वेळ पुसली.

"मंग तुमचं आईपाशी हाय," ती म्हणाली.

आठ महिने मी एकच धरून बसलो होतो, की ती तिच्या लिंगावाचून गेली. तिच्या हातात माझं आहे, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"काका, मास्कात पाणी गेलं का?" तांडेलनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

अक्षरानं दोरा माझ्या गळ्यात घालून मागं गाठ मारली. मी तिला आणखी एक मारायला सांगितली.