टेबलाखालचा काळा डबा

मित्रांनो, मी एक जुना सीबी रेडिओ आहे, ट्रकवाल्यांचा. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, एवढंच माझं शास्त्र. माणसांना त्यातलं पहिलंच जमतं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हाच माझी ताकद ठरली. कायदा देतो तेवढीच. मग मी मालकीणबाईंच्या गाडीअड्ड्यावर आलो. विजेच्या वायरीवर काचेचा इवलासा फ्यूज होता. वीज वाजवीपेक्षा जास्त वाहू लागली की तो स्वतः जळायचा आणि मला वाचवायचा. असा राखणदार सख्खा भाऊही होत नाही. बाई पाहुण्यांना सांगायच्या, "घरात हा एकटाच विचारल्याशिवाय बोलत नाही."

पुढे कचेरी जावयाच्या हाती गेली. स्वतःचा कप न विसळणारा हा माणूस मला रोज फडक्याने पुसू लागला. मी मनात म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मुरतच होतं. एके दिवशी टेबलाखाली आवाजाची ताकद वाढवणारा काळा डबा आला आणि माझ्या एरियलची तार त्याच्या पोटातून गेली. आता आपला आवाज डोंगरापलीकडे जातो, असं जावई सगळ्यांना सांगत सुटला. परवानगी घ्यायचं कुणाला सुचलं नाही. वीज दोघांना त्याच एका वायरीतून. फ्यूज जळला. नवा घातला, तोही जळला. तेव्हा त्याने जळक्या फ्यूजलाच चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला, वीज कागदातूनच वाहू लागली. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबला म्हणा ना!

शेजारचे मास्तर तक्रार घेऊन आले, की ऐन बातम्यांत तुमचे जावई आमच्या टीव्हीतून बोलतात. जावयाने खापर माझ्यावर फोडलं. "जुना झालाय, भंगारात देऊ," तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. बाईंचा थोरला मुलगा पहिली गाडी घेऊन घाटात गेला होता, धाकटा दुसरी घेऊन फाटकाशी निघण्याच्या तयारीत. जावई बटण दाबून कुणापुढे तरी बढाया मारत होता. बाईंना जळका वास आला. आत येऊन त्यांनी वायर चाचपली, तापल्या तव्यासारखी. त्यांनी जावयाचा हात बटणावरून उचलला.

आणि थोरल्याचा आवाज आला. हाका मारमारून घसा बसलेला. "कुणी ऐकतंय का? वळणावर रस्ता खचलाय. धाकट्याला पाठवू नका."

बाई अनवाणी फाटकाकडे धावल्या. गाडी थांबली.

परत आल्यावर त्यांनी फ्यूज उपसला, कागद सोलून टेबलावर ठेवला. "जावईबापू, ओरडायचा डबा आणलात. ऐकायचा कोण आणणार?"

डबा त्याच दिवशी निघाला. वायरमनकडून एरियल नीट उंच बसवलं, आता बोलणं आणि ऐकणं दोन्ही लांबून होतं. फ्यूजही नवा आला.

मित्रांनो, फ्यूज जळला तर आधी का जळला ते शोधा. त्याचं तोंड बांधू नका. आणि माझा स्वभाव आता बदलायचा नाही. कुणी फार प्रेमाने पुसायला आलं, की मी अजून आधी टेबलाखाली बघतो.