खोट्या खाचा

मी टायर बोलतोय. झाडाच्या चिकाचा नव्हे, कारखान्यातल्या रसायनाचा. धडगावच्या स्टँडवर मला ‘नकली रबर’ म्हणतात. म्हणोत बापडे. घाटात त्यांना मीच धरून ठेवत होतो.

माझं रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या. पूर्वी अशा साखळ्यांची टोकं दुपारच्या कचेरीतल्या माणसांसारखी मोकळी लोंबायची आणि नुसती गरम व्हायची. रसायनवाल्यांनी त्या टोकांत बदल केला. त्यांना पकड दिली आणि माझ्यात कालवलेली सिलिकाची बारीक पूड त्यांच्या हाती सोपवली. म्हणून ओल्या रस्त्यावरही माझा पाय सरकत नसे.

भूपेंद्रने मला आपल्या वडाप जीपला बसवलं. नऊ जणांच्या जागेत अठरा माणसं, टपावर बकरी. तीन पावसाळे मी हूं की चूं केलं नाही. झिजलो, खाचा पुसल्या गेल्या, गुळगुळीत झालो. त्यात मला लाज नाही.

नवा टायर घ्यायचं सोडून भूपेंद्रने मला स्टँडवरच्या ललितकडे नेलं. ललित पंक्चरवाला. झिजल्या टायरवर तापल्या पात्याने नव्या खाचा कोरून देतो. त्याला कटिंग म्हणतात.

“नवाना मायक दिसी,” ललितने मला नव्यासारखं करून द्यायची हमी दिली.

भूपेंद्रची बायको कमलबाई तिथेच उभी होती. “मिश्या काया करीसन तुम्ही जवान व्हयनात का? मन्ही माय बी बठनारी शे या गाडीमा.”

“काठीनी होळी व्हवा दे. मंग नवा लेसू,” भूपेंद्र कलप लावलेल्या काळ्या मिशीवर हात फिरवत म्हणाला.

पातं माझ्या आतल्या धाग्यांपर्यंत गेलं. बाहेरून मी नवरदेव, आतून चिंध्या. काठी गावच्या होळीला निघालेली माणसं कोंबली गेली. मधल्या सीटवर कमलबाईची आई.

घाटात फुटलो असतो, तर अठरा जीव गेले असते आणि दोष लागला असता नकली रबराला. तेव्हा गाडी हलते न हलते तोच, ललितच्या दारातच मी फुटलो. मोठ्याने.

म्हातारी उतरली, लुगडं झटकलं. “जवाई, तुमनापेक्षा तुमना टायरले जास्त अक्कल शे.”

भूपेंद्रने त्याच दुपारी नवा टायर घेतला.

ललितने मला दुकानावर टांगलंय. एका अंगावर पांढऱ्या रंगात ‘कटिंग करून मिळेल’; फाटलेलं अंग भिंतीकडे. कमलबाई जाता-येता मला उलटं करते, ललित पुन्हा सुलटं करतो.

तुम्ही धडगावला आलात, तर अक्षरं जरूर वाचा. आणि गाडीत बसण्याआधी मला फिरवा.