पहारेकऱ्याची कवळी

कवळ्या करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. त्याला तोंडं दिसतात, माणसं दिसत नाहीत. डेंटिस्ट खुर्चीतल्या पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतो, खोक्यात घालून कुरिअरने धाडतो आणि इकडे लॅबमध्ये त्याचा प्लास्टरचा जबडा तयार होतो. जबडा बोलत नाही, रडगाणं गात नाही, ‘कधी देताय’ म्हणून डोकं खात नाही. जबड्याच्या बुडाशी एक चिठ्ठी डकवायची : कुणाचा, वय किती, वरचे गेले की खालचे. संपलं. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणत. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं, पण त्यातलं एकही त्यांच्याकडे पाहून हसलेलं नव्हतं.

घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. लेकीचा फोन आला की पाऊण तास चालायचा आणि अगदी शेवटी, ताटात लोणचं वाढावं तसा, त्यांच्या हातात यायचा. ते विचारायचे, “जेवलीस का?” लेक म्हणायची, “हो.” की फोन परत बायकोकडे. वर्षानुवर्षं हा कारभार सुरळीत चालला होता. दोन वर्षांपूर्वी बायको गेली आणि ते खातं यांच्या गळ्यात पडलं. रीतसर चार्ज द्यायलाही कोणी उरलं नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात पुलांची गणितं करणाऱ्या एका कचेरीत होती. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा.

“जेवलीस का?”

“दहा वाजलेत बाबा.”

“हो, हो. हवा कशी आहे?”

“आहे.”

“आमच्याकडेही आहे.”

मग दोन्ही टोकांना हवा तेवढी असायची. फोन ठेवला की तो मेला न विचारता वेळ दाखवायचा : एक मिनिट चाळीस सेकंद. एकदा दोन मिनिटं भरली होती, पण त्यात लेकीला आलेली खोकल्याची ढास धरलेली होती. दातवाल्यांना एवढंच कळत होतं की हा आकडा असाच घसरत गेला, तर एक दिवस फोन यायचाच थांबेल, आणि त्यात कुणाची चूकही नसेल.

अशात एके दिवशी ते वाचनालयात गेले. गेले ते सावली होती म्हणून. परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर एक वीटभर जाडीचं पुस्तक पडलं होतं. मुखपृष्ठावर काळा दरवाजा आणि दरवाजामागे निळं धुकं. ते चित्र पाहून दातवाले जागीच थबकले. हा दरवाजा त्यांच्या ओळखीचा होता. लेक चौदाची असल्यापासून विशीची होईपर्यंत तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर होता. ती जमिनीवर मांडी ठोकून, हातात ते बटणांचं यंत्र घेऊन खेळत बसायची आणि हे मागे खुर्चीत पेपर वाचायचे. सहा वर्षं दोघं एकाच खोलीत होती. त्यातलं यांच्या वाट्याला मुख्यतः पेपरच आला होता.

त्या खेळावर कुणीतरी कादंबऱ्या लिहिल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हे, सात भाग.

“नातवासाठी का?” ग्रंथपालबाईंनी शिक्का मारता मारता विचारलं.

“हो,” दातवाले म्हणाले. त्यांना नातू नव्हता. पण एकोणसाठाव्या वर्षी छातीशी जादूचा दरवाजा धरून घरी जाणाऱ्या माणसाला कारण लागतं.

त्या दिवसापासून ते वाचू लागले. आधी काही कळेना. पहिल्याच पानावर तीन राज्यं, चार वंश आणि एक शाप. पण माणूस चिकाटीचा होता. त्यांनी वही केली, वंशावळी काढल्या, कोण कुणाचा काका हे लिहून ठेवलं. खेळाचं यंत्र माळ्यावर पडून होतं, पण त्याच्या वाटेला ते गेले नाहीत, कारण त्याच्या बटणांशी त्यांचं पूर्वीही कधी पटलं नव्हतं. वाचणं मात्र येत होतं. मनात हिशोब सरळ होता : लेक सहा वर्षं जिथे राहिली ते गाव आपण पुस्तकातून पाहून घ्यायचं, म्हणजे रविवारी हवेपलीकडे बोलायला काहीतरी सापडेल.

“नातू कुठवर आलाय?” ग्रंथपालबाई विचारत.

“दुसऱ्या भागात. जादूगार जरा डोक्यात जातो म्हणाला.”

तिसऱ्या भागात मात्र त्यांची दांडी उडाली. दोनशे बाराव्या पानावर सहाव्या दरवाजाचा पहारेकरी आला. त्याची बायको धुक्यात गेली ती परतली नव्हती, म्हणून तो कंदील घेऊन दरवाजात उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू पाहतो की पुढे धोका आहे. पण वरचे सगळे दात गेलेले आणि खालचे तीनच उरलेले, त्यामुळे शब्दाच्या जागी नुसती वाफ बाहेर पडते. लोकांना वाटतं, म्हातारा हसतोय. ते त्याला बाजूला ढकलतात, धुक्यात शिरतात आणि मरतात. पुढे अख्खं राज्य जातं.

दातवाल्यांनी पुस्तक मिटलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग धंदेवाईक संताप आला. साधी वरची कवळी! पाच दिवसांचं काम! एक बरा टेक्निशियन त्या राज्यात असता, तर पुढचे चार भाग लिहायची वेळच आली नसती.

लेखकाने त्या तोंडाचं वर्णन तीन पानं केलं होतं. इतकं नीट वर्णन डेंटिस्टही पाठवत नाहीत. तेव्हा कामाचा ताण नसलेल्या एका दुपारी दातवाल्यांनी प्लास्टर कालवलं, जबडा ओतला, खालचे तीन दात वर्णनाबरहुकूम वाकडे बसवले, आणि वरची कवळी मेणात लावली. सवयीने चिठ्ठी डकवली : ‘सहावा दरवाजा. पहारेकरी. वय अंदाजे साठ. वरचे सर्व गेलेले.’ जबडा त्यांनी घरी आणून पुस्तकांच्या फळीवर ठेवला. घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आल्यासारखं वाटलं.

आता बोलायला विषय होता. त्यांनी तीन-चार दिवस वाक्य घोटलं. रविवारी दहाला फोन वाजला आणि उत्साहाच्या भरात प्रस्तावना राहून गेली.

“ठकू, सहाव्या दरवाजाच्या पहारेकऱ्याची बायको धुक्यातून परत येते का गं?”



“बाबा,” लेक हळू आवाजात म्हणाली, “आत्ता घरात कोण आहे?”

“मी आहे.”

“तुम्ही सोडून.”

“तसा पहारेकरी आहे, पण—”

“कोण पहारेकरी?”

आता दातवाले दुखावले. सहा वर्षं जिच्या पायाखालची ती वाट, तिने विचारावं कोण पहारेकरी? “असू दे,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बावीस सेकंद. आजवरचा नीचांक. म्हणजे होतं तेही घालवलं, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि चौथा भाग संपला असूनही आठवडाभर त्यांनी पाचव्याला हात लावला नाही.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात लेक, खांद्याला बॅग.

“रजा होती,” ती म्हणाली आणि चपला काढायच्या आतच विचारलं, “बाबा, आज वार कोणता?”

“शनिवार.”

“महिना?”

“तुमच्याकडे वेगळा आहे का?”

“सांगा ना. बरं, शंभरातून सात सात वजा करत जा.”

“त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट… कुठवर जायचंय? पाणी तरी पी.”

लेकीने पाणी घेतलं. गॅस बंद आहे का पाहिलं, औषधांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचल्या, फ्रिज उघडून आतल्या चार वस्तूंची झडती घेतली. सगळं जागच्या जागी होतं. तिचा चेहरा सैलावत आला आणि तेवढ्यात तिची नजर फळीवर गेली. तिने जबडा उचलला, उलटा केला, चिठ्ठी वाचली आणि मटकन खुर्चीत बसली.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज रडकुंडीला आला होता. “हा माणूस तुम्हाला कुठे भेटतो?”

“तिसऱ्या भागात. पान दोनशे बारा.”

त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. लेकीने मुखपृष्ठ पाहिलं. काळा दरवाजा, निळं धुकं. मग फळीवरचे इतर भाग पाहिले, वही पाहिली, वहीतल्या वंशावळी पाहिल्या.

“तुम्ही हे वाचताय? कशासाठी?”

यावर द्यायचं उत्तर दातवाल्यांनी घोटलेलं नव्हतं. “रविवारसाठी,” ते म्हणाले.

 लेकीने पहारेकऱ्याची ती तीन पानं वाचून काढली, पुस्तक ठेवलं, स्टूल ओढलं आणि माळ्यावर चढली. धूळ, शिंका, वायरींचा गुंता. अर्ध्या तासाने टीव्हीवर ते जुनं संगीत सुरू झालं आणि दातवाल्यांचा हात आपसूक पेपर शोधू लागला. पण त्यांनी तो आवरला, आणि खुर्ची पुढे ओढून लेकीच्या शेजारी बसले.

लेकीने वाढवलेली शेवटची योद्धी पाचव्या दरवाजाबाहेर अजून उभी होती. नऊ वर्षं, तलवार उपसून, हूं की चूं न करता.

“बिचारीला बसायला तरी सांगायचंस,” दातवाले म्हणाले.

योद्धी चालू लागली. जंगल, पूल (“खांब फार बारीक काढलेत,” लेक म्हणाली), आणि मग सहावा दरवाजा. कंदील. पहारेकरी वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “थांब. पुढे धुकं आहे.”

“अगं, दात आहेत याला!” दातवाले अर्धे उठले. “मोज, मोज! अक्कलदाढसुद्धा शाबूत!”

“बाबा, गेममध्ये सगळ्यांना असतात.”

“दुसऱ्याचे बसवलेत. हिरडी बघ, कुठून कुठे!”

लेक हसली. हसली की तिचा डावा सुळा पुढे यायचा, आईचा यायचा तसाच. तो सरळ करून घ्या म्हणून तीन डेंटिस्टांनी सांगितलं होतं. दातवाल्यांनी एकालाही तिच्या तोंडात हात घालू दिला नव्हता.

“आता बायकोचं विचार.”

“तसं विचारता येत नाही. हे बटण दाबलं की हा बोलतो, बस.” तिने बटण दाबलं. ‘थांब. पुढे धुकं आहे.’ पुन्हा दाबलं. ‘थांब. पुढे धुकं आहे.’

“मग सहा वर्षं तू याच्याशी बोललीस काय?”

“काही नाही. ढकलायचं आणि जायचं. सगळे तेच करतात.” मग पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, “तुम्हीही फोनवर असंच करता, बाबा. बटण दाबलं की, जेवलीस का.”

दातवाल्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. तो मान किंचित हलवत, कंदील धरून उभा होता.

“येत नसेल त्याला दुसरं,” ते म्हणाले.

लेकीने बटणांचं यंत्र जमिनीवर ठेवलं. त्या दिवशी योद्धी काही सातव्या दरवाजाला पोचली नाही. जेवणाची वेळ टळेपर्यंत चौघं तिथेच होती : दोघं टीव्हीच्या आत, दोघं बाहेर.

रविवारी संध्याकाळी ती गेली. घर पुन्हा आधीइतकं रिकामं झालं, किंबहुना थोडं जास्तच. दातवाल्यांनी टीव्ही लावून एक-दोनदा ते बटण दाबून पाहिलं, पण एकट्याने दाबण्यात काही राम नव्हता. फळीवर तिसऱ्या भागाच्या जागी खिंडार पडलं होतं. तो लेकीच्या बॅगेतून गेला होता.

“तिसरा भाग परत आला नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“नेलाय वाचायला.”

“नातवाने? गुणी आहे हो पोर.”

“आहे,” दातवाले म्हणाले, आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांनी पाचवा भाग संपवला.

रविवार उजाडला. दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन वाजला नाही. दातवाल्यांनी फळी पुसली, जबडा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, पुन्हा पहिल्या बाजूला ठेवला. अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

“जे—” दातवाले म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. मग दुसरं काही सुचेना म्हणून नुसते थांबले.

 पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

“वाचत बसले होते,” ती म्हणाली. “उशीर झाला. बाबा, ती बायको परत येते का?”

दातवाल्यांना ठाऊक होतं. पाचवा भाग, पान चारशे एक. ते सांगायला तोंड उघडणार, इतक्यात त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बोलण्याच्या खात्यातलं काहीतरी कळलं.

“ते पाचव्या भागात आहे,” ते म्हणाले. “तो इथे आहे.”

“मग पाठवा ना कुरिअरने.”

“छे छे,” दातवाले म्हणाले. “कुरिअरने नको. हरवतं.”

एकतीस वर्षांत त्यांचा एक दातसुद्धा कुरिअरमध्ये हरवला नव्हता.