माहेरचे मासे

ते साल दोन हजार बावीस. ईस्टर होऊन गेला होता, मे महिन्याचं ऊन वाडीत उतरलं होतं, आणि पीएचडीच्या पाचव्या वर्षात असलेली रोवेना गिरीजच्या एका बावखलात गुडघाभर चिखलात उभी राहून विचार करत होती, की हे सगळं सोडून एखाद्या शाळेत विज्ञान शिकवायला लागावं का.

बावखल म्हणजे काय, हे आता वसईतल्याच पोरांना समजावून सांगावं लागतं. वाडीत खणलेलं, विहिरीपेक्षा रुंद आणि तळ्यापेक्षा लहान, उतरत्या काठांचं गोड्या पाण्याचं डबकं म्हणा. पण डबकं म्हटलेलं जुन्या माणसांना आवडायचं नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. एके काळी वाडीगणिक बावखल होतं, त्यावर रहाट फिरायचा, आणि त्याची कुरकुर ऐकत बायका चुली पेटवायच्या. केळी, पानवेली, मोगरा, सगळं त्याच पाण्यावर. मग पंप आले, नळ आले आणि पाठोपाठ इमारती आल्या. बावखलं बुजत गेली. रोवेनाच्या निर्मळच्या घरचं तर ती जन्मायच्या आधीच बुजलं. त्याच्यावर आता गाड्या उभ्या राहतात.

उरलेल्या बावखलांतल्या एका माशावर तिचं संशोधन होतं. मासा बोटभर. पाण्याच्या अगदी वरच्या थरात हिंडणारा, डासांच्या अळ्या खाणारा, आणि डोक्यावर चांदीची टिकली चिकटवावी तसा ठिपका असलेला. शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. तिची मार्गारेट मावशी त्याला टिकलीवाला म्हणायची आणि रोवेनाही घरी तेच म्हणे.

हा विषय दिला तिच्या मार्गदर्शक बाईंनी, डॉ. जयवंती राऊत यांनी. राऊत मॅडमनी तरुणपणी हिमाचलच्या डोंगरांत थंड ओढ्यांमधल्या ट्राउट माशांवर काम केलं होतं. मध्ये एक डोंगर आला की अलीकडच्या ओढ्यातला ट्राउट पलीकडच्याहून वेगळा होत जातो, हे त्यांनी दाखवलं होतं, आणि त्या पुण्याईवर त्यांचं विद्यापीठात नाव होतं. "बावखल म्हणजे बेटच," त्या म्हणाल्या होत्या. "मध्ये रस्ता, घरं, कुंपणं. मासा काही चालत जात नाही. प्रत्येक बावखलातलं कूळ वेगळं झालेलं असणार. तू फक्त ते सिद्ध करायचं."

रोवेना कामाला लागली. माशाच्या शेपटीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, स्पिरिटच्या नळीत टाकायचा, मासा पाण्यात सोडून द्यायचा. तुकड्यावरून प्रयोगशाळेत त्याचं कूळ कळतं. काम सोपं, पण उन्हातान्हात, डासांत, आणि लोकांच्या संशयात. परक्या वाडीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, "कुठल्या बिल्डरकडून आलीस?" दोन ठिकाणी तर अंगावर कुत्रे सोडले. म्हणून तिने सरळ नात्यातल्या वाड्या धरल्या. गिरीजला मार्गारेट मावशी, नंदाखालला फ्लॉसी मामी, सांडोरला मामीचं माहेर, उमराळ्याला बर्था आत्या. तिथे कुणी अडवणार नव्हतं. उलट जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

चार वर्षांनी निकाल हातात आला, तेव्हा त्याला ना शेंडा ना बुडखा. गिरीजचे मासे नंदाखालच्या माशांची सख्खी भावंडं असावीत असे. नंदाखालच्यांत निम्मे सांडोरचे. आणि उमराळ्याच्या बर्था आत्याकडचे मासे मात्र कुणाशीच नातं सांगेनात.

राऊत मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"नळ्या बदलल्यास तू."

"नाही मॅडम. प्रत्येक नळीवर मी जागेवरच चिठ्ठी लावलीय."

"मग मासे बसने गेले का गं नंदाखालला?" त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच रोवेनाला जास्त लागलं. "दमलीस तू. होतं असं. आता एकच बावखल पुन्हा कर, गिरीजचं. निराळं काही आलं तर आधीचं सगळं रद्द. मग नव्याने सुरू कर, नाहीतर सोडून दे. मी कुणाला नावं ठेवणार नाही."

म्हणून ती त्या मे महिन्यात गिरीजला आली होती. मार्गारेट मावशी बावखलाचा गाळ काढायला लावणार होती. पाणी उपसून एका कोपऱ्यात थोडं ठेवलेलं, मासे तिथेच गोळा झालेले, धरायला सोपे. पुन्हा तीच जाळी, त्याच नळ्या. रोवेनाच्या हातांना आता सवय झाली होती आणि मनाला कंटाळा आला होता.

मावशी काठावर, केळीच्या सावलीत, खुर्चीवर बसली होती. वय पंचाहत्तरीपुढचं, अंगावर लाल लुगडं, पाय सुजलेले, पण नजर गड्यांवर. "कोपऱ्यातला गाळ राहिला बघा! आम्ही काढायचो तेव्हा तळाची वाळू दिसायची." मग रोवेनाकडे वळून, "जरा बस गं. तोंड बघ तुझं, उपास सुटला तरी उपाशी."

"हे झालं की बसते."

गाळ निघाला, दुपार कलली, झऱ्यांचं पाणी हळूहळू चढायला लागलं. तेवढ्यात वाडीच्या फाटकातून लेस्टरची स्कूटर आत आली. लेस्टर मावशीचा मुलगा, बँकेत कामाला, जानेवारीतच लग्न झालेला. मागे त्याची बायको मर्लिन, भुईगावची, आणि तिच्या मांडीवर स्टीलची कळशी. कळशीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, मर्लिनची अर्धी साडी भिजलेली.

"ए शास्त्रज्ञ!" लेस्टर ओरडला. "शेपट्या कापून पोट भरतं का?"

"तुझी जीभ कापली तर भरेल."

मर्लिन हसत उतरली, चपला काढून उतारावरून खाली आली. मावशी खुर्ची सोडून उठली, तिने पाण्यावर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "ओत बाळ. सावकाश."

फडकं सुटलं, कळशी कलली, आणि उन्हात रोवेनाला दिसले चांदीचे ठिपके.

"थांब! ओतू नकोस!"

मर्लिन तशीच वाकलेली राहिली. लेस्टर म्हणाला, "काय गं? साप आहे का?"

"असं ओरडतात?" मावशी चिडली. "पोरीने पहिल्यांदा माहेरचं आणलंय, आणि तू..."

"मावशी, काय आहे हे?"

"मासे. मग काय, वाइन असणार?"

"कुठले?"

"भुईगावचे. हिच्या पप्पांच्या बावखलातले. आपल्यात नवी सून आली की पहिल्या गाळानंतर तिच्या माहेरचे टिकलीवाले सोडतात. मी नाही आणले? नंदाखालहून, बैलगाडीत, मांडीवर हंडा धरून. तुझे जेम्स काका वाटभर हसत होते, म्हणाले, हुंड्यात काय मिळालं तर मच्छी! फ्लॉसीने सांडोरहून आणले. तुझ्या आईने निर्मळला नेले, विचार तिला."

रोवेना चिखलातच खाली बसली. जाळी हातात तशीच.

"मला कुणी बोललं का नाही हे?"

"तू विचारलंस कधी?" मावशीला खरंच नवल वाटलं. "पाणी किती खोल विचारलंस, कचरा कोण टाकतं विचारलंस. मला वाटलं, हे तुला ठाऊकच असणार. आपलीच पोर तू."

मर्लिनने हळूच विचारलं, "ओतू का मग? गुदमरतील ते."

रोवेनाने कळशीतल्या काही माशांच्या शेपट्यांचे तुकडे घेतले, आणि मान हलवली. मासे पाण्यात पडले, क्षणभर एका जागी थबकले, मग पांगले. सुनांसारखेच, असं मावशी म्हणाली आणि स्वतःच हसली.

रात्री निर्मळला घरी तिने आईला विचारलं. अँजेलिना भाजी चिरत होती. "हो, नेले होते की. नंदाखालचेच. पण आपलं बावखल बुजलं, मासे गेले, तू झालीस. कशाला सांगू? तू तर पुस्तकातलं शिकत होतीस."

पुढच्या आठवड्यात ती घरोघर फिरली. या वेळी जाळी नव्हती. बायकांना एवढंच विचारायचं होतं, तू कुठली, तुझी सासू कुठली, तिची कुठली. आणि जिथे जिथे मुलगी दिली होती, तिथे तिथे मासा गेला होता. नळ्या बदलल्या नव्हत्या. तिचं काम स्वच्छ होतं आणि जे सिद्ध करायला निघाली होती ते मुळातच चूक होतं. परक्या वाड्या घेतल्या असत्या तर कदाचित बेटं सापडलीही असती. तिने नातेवाईक निवडले, आणि मासेही नातेवाईक निघाले. एवढ्या वर्षांचा थकवा घेऊन या गोष्टीवर हसावं की रडावं, ते तिला कळेना.

शेवटी उरली उमराळ्याची बर्था आत्या. ती जेम्स काकांची धाकटी बहीण, म्हणजे मार्गारेट मावशीची नणंद. तिने पन्नास वर्षांपूर्वी जगन्नाथशी लग्न केलं होतं, उमराळ्याच्या हिंदू बागाइतदाराशी. जेम्स काका मरेपर्यंत तिच्या दारात गेले नाहीत. मार्गारेट मावशी नाताळला करंज्या पाठवायची, तेही लेस्टरच्या हातून, नवऱ्याच्या नकळत.

आत्या ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. जगन्नाथ आत झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"आत्या, लग्नानंतर तू गिरीजहून मासे आणले होतेस?"

कळ्यांवरचा हात थांबला. "मला कोण देणार होतं?" ती म्हणाली. मग पुन्हा कळ्या निवडू लागली. "यांच्यात ती रीत नाही. मासे इथले आधीचेच आहेत, यांच्या आजोबांच्या वेळचे. मी पहिल्या वर्षी वाट पाहिली हो. वाटलं, दादा नाही तर वहिनी तरी पाठवेल. बावखलाचा गाळ निघाला, पाणी भरलं, कुणी आलं नाही."

"तुझे मासे सगळ्यांपेक्षा वेगळे आहेत, आत्या. कुणाशी मिसळलेले नाहीत."

"म्हणजे चांगले?"

आतून जगन्नाथ म्हणाले, "मालकिणीसारखे आहेत म्हण. हट्टी." आत्या हसली, पण डोळे पुसले.

राऊत मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "छान गोष्ट आहे. पण हे प्राणिशास्त्र नाही, रोवेना. माणसांनी नेलेले मासे म्हणजे निसर्ग नव्हे. बायकांची लग्नं मी प्रबंधात कुठे घालू?"

तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. तरी तोंडून निघून गेलं. "मॅडम, तुमचे ट्राउट तरी तिथले कुठे होते? इंग्रजांनी विलायतेहून अंडी आणून सोडली होती ना? साहेबाने माहेरचे मासे आणले तर ते शास्त्र, आणि माझ्या मावशीने आणले तर गोष्ट?"

मग मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "केळव्याला माझ्या आजीने माहेरहून कासव आणून विहिरीत सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "मी विसरूनच गेले होते." आणि थोड्या वेळाने, "शीर्षक बदलावं लागेल. अजून दोन वर्षं जातील. चालेल?"

"चालेल," रोवेना म्हणाली. आनंद वगैरे काही झाला नाही. बस मिळाल्यावर होतं तेवढंच हायसं वाटलं.

दोन वर्षंच लागली. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त उमराळ्याच्या बावखलाबद्दल विचारलं. न मिसळलेलं एवढं एकच कूळ, याच्यावर पुढे मोठं काम होईल, ते तसंच जपा, असं म्हणाले. मॅडमनीही मान डोलावली.

ती केक घेऊन आत्याकडे गेली. आत्याने तिच्या कपाळाची पापी घेतली, केक जगन्नाथना दिला, आणि विचारलं, "झालं ना तुझं काम? सगळं?"

"झालं."

"मग मार्गारेटला सांग. आता दादाही नाही. आमचा गाळ या महिन्यात निघतोय."

रोवेना बावखलाकडे बघत राहिली. पाण्यावर ठिपके हलत होते, कुणाशी नातं नसलेले. परीक्षकांचे शब्द तिला आठवत होते; गिरीजचे मासे आले की हे कूळ न मिसळलेलं राहणार नव्हतं. तिने नाही म्हटलं असतं तर आत्याने पुन्हा विचारलं नसतं. आधीही विचारलं नव्हतंच.

"सांगते," ती म्हणाली.

मावशीचे पाय स्कूटरवर बसण्यासारखे राहिले नव्हते. कळशी रोवेनानेच मांडीवर धरली, लेस्टरच्या मागे, आणि गिरीजपासून उमराळ्यापर्यंत तिचे कपडे भिजत गेले. ओतली मात्र आत्याने, स्वतःच्या हाताने, जगन्नाथांचा खांदा धरून.

मार्गारेट मावशी त्यानंतरच्या नाताळात गेली. लेस्टर बावखल बुजवणार अशी वाडीत कुजबुज होती, पण मर्लिन आडवी आली. माझे मासे आहेत त्यात, म्हणाली, आणि बावखल अजून आहे. अँजेलिना निर्मळलाच असते. राऊत मॅडम निवृत्त होऊन केळव्याला राहायला गेल्या, विहिरीत कासव आहे का ते त्यांनी कळवलेलं नाही. जगन्नाथ गेल्या पावसाळ्यात वारले आणि बर्था आत्या मोगऱ्याच्या कळ्या आता एकटीच निवडते. रोवेना विरारच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते. परीक्षकांना हवा होता तो उमराळ्याच्या बावखलावरचा मोठा शोधनिबंध तिने लिहिला नाही. का नाही लिहिला, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, दमले होते.