भोक पाडलेलं ताट

दोन हजार बारा सालची गोष्ट. नांदूरघाटच्या पेठेत संगमेश्वरचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच घर. संक्रांतीला त्याच्या थोरल्या लेकीच्या, कावेरीच्या, ओठावर तिच्या आईला, गंगासागरला, एक पांढरा ठिपका दिसला. तीळ चिकटला असेल म्हणून तिनं पदरानं पुसला. तो निघाला नाही.

पाडव्यापर्यंत बोटांची पेरंही पांढरी पडली. पोर चौदा वर्षांची. गंगासागरच्या माहेरी कोड आणि महारोग एकच समजायचे. धाकटी रुद्राणी सहा वर्षांची, तिला लागलं तर? या एका धास्तीपायी आईनं कावेरीचं ताट-तांब्या वेगळं केलं. चुकून कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून ताटाच्या काठाला खिळ्यानं भोक पाडलं आणि पडवीच्या भिंतीवर ते टांगून ठेवलं. कावेरी पडवीत बसून जेवायची, ताट राखेनं घासायची, पुन्हा टांगायची.

जूनमध्ये शाळा उघडली. विज्ञानाच्या पंचशीलाबाई नेकनूरहून एसटीनं यायच्या. मधल्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून जेवणारी कावेरी त्यांना दिसली. त्या तिच्याजवळ बसल्या आणि तिच्याच डब्यातली भाकर मोडून खाल्ली. त्याच आठवड्यात त्या घरी आल्या.

"वहिनी, हे कोड हाय. कुणाला लागत न्हाई."

"तुमाला सांगायला काय जातंय, बाई. पोरी माझ्या हायेत."

पंचशीलाबाई भिंतीवरच्या ताटाकडं बघत राहिल्या. "माझ्या आईचा कप असाच असायचा. हाटेलाच्या बाहेर, वळचणीला खोचलेला. तिला तर कसला रोगबी नव्हता."

 गंगासागरचं चहाचं विचारायचंही राहून गेलं.

श्रावणात बीडच्या रेडिओवर त्वचेच्या डॉक्टरांचा थेट कार्यक्रम होता. संगमेश्वरला विचारून बाई कावेरीला घेऊन गेल्या. बाजारचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक दाटलेलं. रेडिओ मोठ्यानं लावलेला, गंगासागरही दुकानात येऊन ऐकत उभी. कोड शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मग निवेदकानं विचारलं, "बाळ, घरी तुला कुणी वेगळं ठेवतं का?"

 कावेरीचा आवाज आला, "न्हाई. माझी आई माझ्याच ताटात जेवते."

तेल मापणारा संगमेश्वरचा हात थांबला. शेजारची भिवराबाई साखर घ्यायला आली होती. ती हसली. "कवापासून गं, गंगासागर? मला तर सकाळीबी ताट भिंतीलाच दिसलं."

गंगासागर आत गेली आणि तिनं पडवीच्या भिंतीतला ताटाचा खिळा उपटून टाकला.

संध्याकाळी पोर आली तेव्हा सगळी ताटं एका ओळीत मांडलेली होती. भोकाच्या ताटावर गंगासागर स्वतः बसली होती. "ये. आपण दोघी यातच जेवू."

"तू जेव, आई. मी मागून जेवते. रुद्राणीला लागलं मंग?"

"लागत न्हाई गं. रेडिओवर सांगितलं की."

"ते डॉक्टरांनी सांगितलं," कावेरी हळूच म्हणाली. "मी सांगितलं ते खोटं व्हतं."

तिनं भाकर हातावर घेतली आणि सवयीनं पडवीत जाऊन बसली. गंगासागरचा घास ताटातच राहिला.

पुढं दोन वर्षांनी भिवराबाईच्या नातीच्या पापणीवर ठिपका उठला. भिवराबाई आधी गंगासागरकडं आली, मग डॉक्टरकडं गेली. त्या घरात ताट वेगळं झालं नाही. पंचशीलाबाईंची बदली तलवाड्याला झाली. तिथूनही त्या पोरांना रेडिओवर नेत राहिल्या. संगमेश्वर करोनात गेला. रुद्राणीनं बघायला आलेल्या पाहुण्यांना बहिणीचं कोड स्वतःच आधी सांगितलं. दोन स्थळं उठून गेली, तिसरं राहिलं. ती लातूरला सुखात आहे.

कावेरी बीडला नर्स आहे. रेडिओवर आता तीच कोडाविषयी बोलते. सुट्टीला येते, सगळ्यांत बसून जेवते, हसते. पण जेवण झालं की आपलं ताट घासून बाकीच्या भांड्यांत ठेवत नाही. पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवते. तिच्या ते ध्यानातही येत नसावं.

भोकाच्या ताटात गंगासागर अजून रोज जेवते. घासताना भोकात राख अडकते. ती काडीनं टोकरून काढत बराच वेळ मोरीत बसून राहते.