कपातला चमचा

मी एक विनाशिका, म्हणजे लढाऊ जहाज, बोलतेय. नावावर जाऊ नका. माझ्या पोटात राहिलेल्या जर्मन खलाशांना विचारलं असतंत तर ते म्हणाले असते, हिने सगळ्यात जास्त छळलं ते आम्हालाच.

ब्रेमेनच्या गोदीत माझा जन्म झाला. पाण्यात उतरले तेव्हा बँड वाजला, भाषणं झाली. दिसायला मी देखणी होते. मीच सांगते, कारण आता सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. पण माझे बॉयलर! आज ही नळी फुटली, उद्या तो सांधा गळला. माझी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नसे आणि मध्ये हात आला तर हात जाई. म्हणून बॉयलरवाल्यांचा मुकादम फोक्को गळती शोधताना लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चाले. झाडूचे केस तुटून पडले की समजायचं, दुखणं इथेच आहे.

"म्हातारे, आज काय नवीन?" असं तो मला रोज विचारी. तेव्हा मला धड तीन वर्षंही झाली नव्हती.

फोक्को जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पूर्व फ्रीजलंडचा, म्हणजे पक्का चहाबाज. लाटांत कप कलंडू नये म्हणून त्याने बॉयलरशेजारी तारेचं कडं बसवलं होतं. कपात आधी खडीसाखर, मग चहा, वरून साय, नाहीतर डब्यातलं दूध. ढवळायचं मात्र नाही. चमचा असतो तो पुरे झालं हे सांगायला. पाहुणा चमचा कपात ठेवत नाही तोवर यजमान ओतत राहतो.

आमचे इंजिनिअर क्रेचमार साहेब सॅक्सनीचे, कॉफीवाले. त्यांना बिचाऱ्यांना हे काय ठाऊक! पहिल्याच दिवशी ते बॉयलर बघायला आले आणि फोक्कोच्या तावडीत सापडले. ते बस म्हणत, हा ओते. साहेब भिडेखातर पीत राहिले, घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, "अहो, मला बुडवायचा विचार आहे का?"

"चमचा कपात ठेवा साहेब. त्याआधी मी थांबलो तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

तिथून त्यांची जी गट्टी जमली ती जमलीच. एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे.

मग लढाई पेटली आणि मला सैनिक घेऊन उत्तर नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, पाठवलं. तिथल्या लोकांनी आम्हाला बोलावलं नव्हतं. माझ्या तोफांनी माणसं मारली, आणि त्याचा मला अभिमान नाही. थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या जहाजांनी आमची वाट अडवली. तेल संपलं, गोळे संपले. कप्तानाने ठरवलं, माणसं किनाऱ्यावर उतरवायची आणि जहाज आपल्याच हातांनी बुडवायचं.

माझ्या तळाच्या झडपा फोक्कोने आणि क्रेचमार साहेबांनी उघडल्या. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," फोक्को म्हणाला. साहेब वर गेले. बर्फ पडत होता, होड्या भरत होत्या, आणि फोक्कोचा पत्ता नव्हता.

तो गार होत चाललेल्या बॉयलरपाशी बसून चहा पीत होता. एक कप संपला की दुसरा ओतत होता. पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं. मला त्याला हाकलायचं होतं हो! मी कण्हले, सगळ्या सांध्यांतून करकरले. एरवी माझी जराशी कुरकुर ऐकून धावत येणारा हा माणूस जागचा हलेना.

तेवढ्यात क्रेचमार साहेब शिडीवरून धडपडत खाली आले. त्यांनी हुकूम सोडला नाही. सोडला असता तरी त्याने ऐकला नसता.

"आजारपणात मी हिला कधी एकटं सोडलेलं नाही, साहेब," फोक्को म्हणाला.

साहेबांनी त्याच्या हातातला कप घेतला. उरलेला चहा तोंड वाकडं करत संपवला. कप तारेच्या कड्यात बसवला आणि चमचा कपात ठेवला.

"पुरे झालं, फोक्को."

फोक्को त्या चमच्याकडे बघत राहिला. मरणाशी त्याने हुज्जत घातली असती, पण आता पुढे ओतणं त्याच्या हातून होणार नव्हतं. तो उठला. बॉयलरवरून हात फिरवून म्हणाला, "येतो, म्हातारे." आणि साहेबांच्या मागोमाग शिडी चढला. शेवटची होडी त्या दोघांसाठी थांबली होती.

मी तळाशी सरळ बसले आहे. आताशा पाणबुडे येतात, दिवे नेतात, बशा नेतात. न्या बाबांनो, मला त्यांचा काही उपयोग नाही. एवढंच सांगणं आहे. बॉयलरशेजारी तारेच्या कड्यात एक कप आहे. त्यातला चमचा तेवढा काढू नका. तो काढलात तर फोक्कोला पुन्हा ओतायला खाली यावं लागेल, आणि मोठ्या मुश्किलीने वर धाडलंय हो त्याला.